काकांचं थर्मामीटर

"मास्तरचा प्रार्थनेवर भरवसा असता, तर थर्मामीटर कावून लागलं असतं?"

काकांना माती देऊन आम्ही घरी परतलो होतो. अंगणात खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले. शेजारचा म्हणाला, "आन् थर्मामीटरवर असता, तर प्रार्थना कशाला केली असती बे? गप चहा पी." चहा मीच देत होते. दोघांचंही मला पटलं... आणि दोघांचाही राग आला.

शांतवनकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दिंद्रुडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. वर्गात पृथ्वीचं वय सांगणारे काका घरी बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कुठे सांधा दिसतो का, हे मी निरखायचे. दिसायचा नाही. कुणी आजारी माणूस प्रार्थनेसाठी आला की ते आधी त्याच्या काखेत थर्मामीटर लावत. पारा वाचून मग डोळे मिटत, "प्रभू, एकशे दोन हाय..." आमेन झालं की त्याला मोटारसायकलवर बसवून थेट माजलगावच्या दवाखान्यात. एकदा सुट्टीत मला हसू आवरलं नाही.

"काका, देवाला आकडा माहीत नसतो का?"

"त्याला असतो गं. मी काय मागायलोय, ते मला नको का माहीत?"

हे उत्तर होतं की उत्तर टाळणं, मला अजून ठरवता येत नाही. ते दोन्ही गोष्टी एकाच मराठीत बोलायचे. मी बीडच्या शाळेत विज्ञान इंग्रजीत शिकले, प्रार्थना मात्र घरी मराठीत ऐकली. माझ्यात त्या दोन्हींची कधी गाठच पडली नाही.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात काकांनी बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राकडे पाहून विचारलं, "किती?"

"ब्याऐंशी."

"मंग... सांग त्याला."

मला कळलं, कुणाला ते. पण खोलीत इतर लोक होते, आणि माझा विश्वास आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. मी उठून नर्सला बोलवायला गेले. तेही गरजेचं होतं, असं मी स्वतःला सांगते. परत आले तोवर ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. मी गप्प राहिले तो प्रामाणिकपणा होता की नुसता संकोच...

गेल्या आठवड्यात दिंद्रुडला गेले. बायबलवर काकांच्या चष्म्याची डबी तशीच आहे. त्यांचं थर्मामीटर ते तिच्यातच ठेवायचे. काकू अंगावर गोधडी घेऊन बसल्या होत्या. "बघ गं, कणकण वाटायलीय," म्हणाल्या. मी पारा झटकून थर्मामीटर त्यांच्या काखेत लावलं. काढून उजेडात धरलं. तोवर काकूंनी सवयीने डोळे मिटून घेतले होते आणि त्या वाट पाहत होत्या.

माझे डोळे उघडेच होते.

"प्रभू," मी म्हणाले, "एकशे एक आहे... पुढचं मला येत नाही. गाडी काढते."