एका व्हायोलिनचा ताफा

माझ्या भाच्याचा बँड आहे, गिटार आणि ड्रमवाला. त्याच्या नव्या गाण्याला मोठ्या ऑर्केस्ट्राचा आवाज हवा होता, आणि व्हायोलिन वाजवणारी मी एकटी. "आत्या, तू तीच ओळ परत परत वाजव, मी एकावर एक चढवतो," म्हणाला. मुलुंडच्या त्याच्या बेडरूममध्ये आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. मी वाजवत होते आणि मनात म्हणत होते, याला अचानक आत्याचं एवढं प्रेम कुठून आलं?

संशय उगीच नव्हता. मी वर्षानुवर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ताफ्यात व्हायोलिन वाजवलं. एकदा एका स्टुडिओत आमच्याकडून एकेक सूर सुटा वाजवून घेतला. छान चहा-बिस्किटं दिली. पुढे तेच सूर कीबोर्डमधून यायला लागले आणि आम्हाला बोलावणं बंद झालं.

आठ वेळा वाजवून ऐकलं, तर आठ व्हायोलिनं कुठली, एकच जाडजूड व्हायोलिन! ताफ्यात कुणाच्या पुढेमागे जायचं नाही ही सवय हाडात मुरलेली, त्यामुळे आठही वेळा मी तंतोतंत तेच वाजवलं होतं. मग जागा बदलत गेले. कपाटाला चिकटून, दाराकडे पाठ करून, कधी गज हलका धरून, कधी केसभर उशिरा. आता मात्र खोली भरली. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"झकास! आता नुसता सा लांब धर. मग रे. एकेक सुटा."

झालं! मी गज खाली ठेवला. "शोला मला न्यायचं नाहीये ना? सरळ सांग की."

"काहीतरीच काय गं! अंधेरीच्या शोला तूच वाजवणारेस."

"मग सुटे सूर कशाला हवेत?"

तो स्क्रीनकडेच बघत राहिला. "तुझी करंगळी नीट उठत नाही ना, आत्या? प्रत्येक टेकमध्ये ऐकू येतं. एखाद्या दिवशी नाहीच उठली, तर मला दुसऱ्या कुणाचा आवाज नकोय."

हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. शिकवणीच्या मुलांनाही नाही. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. मग गज उचलला आणि सा धरला, मला धरता येईल तेवढा लांब.