झिजलाय म्हणाल्या, बरं झालं

अंगठ्याच्या बुडाशी पहिली कळ आली तेव्हा मी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत होते. बरणी तशीच ठेवली. डोळ्यांपुढं आईचे हात आले.

आईला आमवात होता. पन्नाशीतच तिची बोटं करंगळीकडं कलली, मनगटं सुजली. सकाळी तास-दोन तास मूठच वळायची नाही. मुकुंदवाडीत अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवलेली बाई, पण स्वतःचे हुक लावता येईनात. ते मी लावायचे, आणि तेवढा वेळ ती मान वळवून भलतीकडंच बघायची.

मीही ब्लाउजच शिवते. हात गेले तर मी कसली? म्हणून कुणालाच काही सांगितलं नाही. मुलगी वाळूजच्या कंपनीत आहे. ती सकाळी बसला गेली की मी गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. शेजारणीला गुडघा दुखतोय असं खोटंच सांगून औषध विचारलं, तर तिनं दही, चिंच, वांगं सगळं बंद करायला लावलं. सहा महिने वांग्याशिवाय काढले. मराठवाड्यात असं जगायचं कसं, हे तिलाच ठाऊक! अंगठा मात्र ढिम्म. कात्री धरली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग मशीन बिघडलंय म्हणून मी गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. थापा मारण्यात चांगलीच तरबेज झाले होते.

एके सकाळी चहा ओतताना पातेलं हातातून सुटलं. मुलगी समोरच होती.

"मम्मी, उद्या सुट्टी टाकते. दवाखान्यात जाऊ."

"काय नाय झालं गं."

"व्हय, दिसतंय मला."

हाडांच्या डॉक्टर मॅडमनी अंगठा बुडाशी दाबून गोल फिरवला. मी ओरडलेच. मग त्यांनी बाकीची बोटं, मनगट, सगळं दाबून पाहिलं. तिथं काहीच दुखेना. सकाळी हात किती वेळ आखडतात, असं विचारलं. मी म्हटलं, पाच-दहा मिनिटं. आईचंही सांगून टाकलं, वांगं सोडल्याचंही. त्यांनी एक्स-रे काढला, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

"आमवात नाही," रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या. "अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय."

"निस्ता झिजलाय? लई बरं झालं!"

मॅडम चष्म्यावरून बघतच राहिल्या. झीज म्हटल्यावर इतकं खूश झालेलं माणूस त्यांनी बहुधा पाहिलं नसावं. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

मग कापड कसं कापता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार घड्या एकदम, वेळ वाचतो म्हणून. कात्रीचा नटही आवळून घट्ट, आईची शिकवण.

"अहो, अंगठा काय लोखंडाचा आहे?"

झीज भरून येत नाही, पण दुखणं आटोक्यात राहील, असं त्या म्हणाल्या. काम करताना अंगठ्याला पट्टा, दुखेल तेव्हा शेक आणि मलम, फिजिओथेरपीचे व्यायाम. कात्री सैल, घड्या दोनच, ओल्या चादरी पिळायच्या नाहीत. फारच दुखलं तर पुढं इंजेक्शन. "आणि आईला आमवात होता म्हणून मुलीला होतोच असं नाही. वांगं खुशाल खा."

रिक्षात मी वांग्याच्या भाजीचाच बेत करत होते. मुलगी रस्त्याकडंच बघत होती. कामाचं टेन्शन असेल, असं मला वाटलं. तिनं मांडीवर दोन्ही हात पसरले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "मम्मी, मी रोज उठल्या उठल्या आधी मूठ वळवून बघते. दोन वर्षं झाली."

मला वाटत होतं, घरात ही भीती मी एकटीच लपवतेय.

"उद्यापासून नाय बघायची," मी म्हणाले.

"नाय बघत," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहानपणी रडायची तशी रडली.