कडक भाकरीच्या पाकिटावरच्या रेषा

बारकोड असेल तरच कडक भाकरीची पाकिटं दुकानात ठेवू, असं लोहाऱ्यातल्या दुकानदाराने माझ्या विधवा वहिनींना सांगितलं होतं. त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड दिली की पानभर बारकोड निघतात, पण त्यात घालायचा आकडा रीतसर नोंदवून घ्यावा लागतो. हे ठाऊक असूनही मी आळस केला आणि घरातल्या साबणाच्या वेष्टनावरचा आकडा घातला. लोहाऱ्यात कोण बघतंय, असं वाटलं.

दुकानातल्या यंत्राने पाकीट वाचलं आणि पडद्यावर साबणाचं नाव आलं.

"बाई, भाकरीनं अंघोळ करायची का?" दुकानदार म्हणाला. पुन्हा माल आणू नका, असंही त्याने बजावलं.

वहिनी भरली पिशवी घेऊन जीपने आमच्या गावी, सास्तूरला परतल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, रेषा लई बारीक पडल्या वाटतं. मशीनला नीट दिसल्या न्हाईत, म्हून ते साबण म्हणालं. आता जरा जाड काढा, मी हातापाया पडून बघते."

 आकडा तोच ठेवून मी रेषा जाड करून दिल्या. वहिनी त्या पाकिटांवर चिकटवत बसल्या आहेत.