सुनेच्या खुर्चीत

माझा एक फोटो माझ्या सुनेच्या ऑफिसात जपून ठेवलेला आहे. त्यात मी सुनेच्या खुर्चीत बसलोय, दोन्ही हातांनी एक फ्रेम छातीशी धरलीय, आणि माझ्या खांद्यावरून माझा एक गाववाला तोंड उघडं टाकून डोकावतोय. फ्रेममध्ये सून आहे, पदवीचा काळा झगा घातलेली. हा फोटो कुणा माणसानं काढलेला नाही. सुनेच्या कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यानं काढला. मी तो एकदाच पाहिला. परत बघायची माझी छाती नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. सोळाव्या वर्षी सांगली जिल्ह्यातनं लखनौला आलो, गलाईच्या कामाला. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी सगळ्या हिंदुस्थानात पांगलीत. मी चौकातल्या सराफ्यात चाळीस वर्षं भट्टीपुढं बसलो. दुसऱ्याचं सोनं मुशीत असताना जागचं उठायचं नाही, आणि ज्याचं सोनं नाही त्याला भट्टीजवळ फिरकू द्यायचं नाही. एवढं पाळलं की झालं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी एकदा दुकानाबाहेर काढलं होतं, नुसता वाकून बघत होता म्हणून. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, म्हणून तर पुढचं सांगताना मान वर होत नाही.

आता बायको नाही. इंदिरा नगरात मुलाच्या घरी असतो. मुलगा बँकेत, बदली गोरखपूरला, शनिवारी येतो. सून घरी बसूनच नोकरी करायची, कारण नात लहान, साडेतीन वर्षांची. दवाखान्यात भरती झालेल्यांचे विम्याचे कागद तपासायचं काम. कंपनीनं कॉम्प्युटर दिला आणि त्याच्या माथ्यावर बोटाएवढा कॅमेरा बसवून दिला. तो सुनेचा चेहरा ओळखतो. ती समोर आहे तोवर पडदा चालू. ती उठली की पाच-सात सेकंदांत पडदा काळा. तिच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं तोंड दिसलं, तरी काळा. उठायचंच असेल तर आधी ब्रेकचं बटण दाबायचं, आणि दिवसाचे ब्रेक मोजके.

बसवला त्या दिवशी मी भांडलो होतो.

"परक्याचा डोळा आपल्या घरात? आम्ही काय चोर आहोत?"

ती म्हणाली, "मामा, यात लोकांची दुखणी असतात. कुणाला कसला आजार, कुणाचं कुठलं ऑपरेशन. मी पाणी प्यायला उठले आणि कुणी येऊन वाचलं तर?"

"घरात कोण वाचतंय?"

"घरातल्यांनीही नाही वाचायचं. तुम्हीसुद्धा नाही."

मी जरा विचार केला. म्हटलं, "म्हणजे मुशीतलं सोनं म्हण की."

"हाँ, तेच," ती हसली. लखनौतच वाढलेली, तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली.

म्हणजे मला कळलं होतं. अडाणी होतो म्हणून झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गाववाला आला फेब्रुवारीत, दुपारी. आम्ही दोघं एकाच भट्टीवर शिकलो, मग त्यानं कानपूरला स्वतःचं दुकान टाकलं आणि माझ्यापेक्षा मोठं केलं. फोनवर तो घराचे मजले सांगायचा, मी सुनेचं शिक्षण सांगायचो. तिचा तो पदवीचा फोटो मीच मढवून आणलेला, बैठकीच्या भिंतीवर टांगलेला. आमच्या घरातल्या बाईमाणसांतली ती पहिली पदवी.

"काय रं, सून कुठाय?" बसल्या बसल्या त्यानं विचारलं.

"कामावर."

"कुठं?"

"आतल्या खोलीत."

"आत बसून कामावर? आमच्या सुना चुलीजवळ बसत्यात, त्या बी मग कामावरच म्हणायच्या."

मी हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत. चहा टाक. आणि कांद्याची भजी कर."

आतनं आवाज आला, "मामा, दहा मिनिटं. आत्ता ब्रेक घेतला तर संध्याकाळचा उरणार नाही."

तो मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! सासऱ्याला नंबर लावाय लागतोय."

तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. "आत्ता म्हणजे आत्ता!" मी ओरडलो.

ती आली. डोक्यावरून ओढणी घेतली, त्याच्या पाया पडली, आणि स्वयंपाकघरात जाता जाता मला हळू आवाजात म्हणाली, "मामा, आत कुणी जाऊ नका हं."

कढईत तेल पडल्याचा आवाज आला तसा तो म्हणाला, "ते माणूस वळखणारं यंत्र दाव की. फोनवर लई सांगत हुतास."

मी त्याला आत नेलं. सुनेच्या खुर्चीत बसलो. पडदा काळा, मध्यभागी एक पांढरं कडं. कडं माझ्या तोंडावर आलं, थरथरलं, निघून गेलं. मी चष्मा काढला. परत आलं, परत गेलं.

"तुला न्हाई वळखत," तो म्हणाला. "घरात तुला कोण तरी वळखतंय का गड्या?"

मी उठलो, बैठकीत गेलो, भिंतीवरची फ्रेम काढली आणि परत येऊन खुर्चीत बसून छातीशी धरली. मनात एक गोष्ट अशीही होती की तिची जागा तेवढा वेळ भरलेली दिसेल, तिचा ब्रेक वाचेल. ही गोष्ट मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितली. खरं म्हणजे मला त्याचं तोंड बंद करायचं होतं.

कडं फोटोवर आलं, थांबलं, हिरवं झालं. पडदा उघडला.

"आयला! फसलं की रं!"

मी पण हसलो. पोरासारखा हसलो.

पडद्यावर इंग्रजीत काय काय होतं, ते दोघांनाही वाचता येत नव्हतं. पण शेजारी एक फोटो होता. कुणाचा तरी पाय. अंगठा काळा पडलेला, त्याच्याखाली मांस उघडं. आम्ही दोघांनी बघितला.

"शुगर दिसतीया," तो म्हणाला.

फोटोतली बाई पापणी लववत नाही, आणि शेजारी आमची दोन तोंडं आहेत, हे त्या यंत्राच्या उशिरा ध्यानात आलं असावं. लाल पट्टी आली, शिट्टी वाजली, पडदा काळा झाला. मी फ्रेम खाली ठेवायच्या आत पडद्यावर एका तरुण माणसाचा चेहरा आला. सुनेचा साहेब. माझ्या मुलापेक्षा लहान.

"अंकल जी, आप कौन? और ये फोटो किसलिए पकड़े हैं?"

"हम ससुर हैं," मी म्हणालो.

"आपको यहाँ बैठने को किसने कहा?"

गाववाला माझ्याकडं बघत होता. दारात सून आली होती, हातात भज्यांची ताटली. मला म्हणता आलं असतं, माझ्याच मनानं बसलो. तीन-चार शब्दांचं काम. पण तो पोरगा मला जाब विचारत होता, आणि तो कानपूरवाला ऐकत होता.

"बहू ने," मी म्हणालो. "बहू ने बोला था।"

सून पुढं आली. "सर, मैंने नहीं कहा।"

"तो अंकल झूठ बोल रहे हैं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाहुण्याकडं. पाहुण्यासमोर सासऱ्याला खोटा ठरवणं तिच्या तोंडून निघेना. मला ते दिसत होतं. मी तेव्हाही बोलू शकत होतो.

"सर, मैं बाद में बात करती हूँ," ती म्हणाली.

ताटली तिनं टेबलावर ठेवली. भजी आम्ही कुणी खाल्ली नाहीत.

फाटकापर्यंत मी गाववाल्याला सोडायला गेलो. एरवी तो जाताना काहीतरी टोमणा मारून जातो. त्या दिवशी चप्पल घालताना नुसतं म्हणाला, "पोरीनं तुझी लाज राखली. मी असतो तर नसती राखली."

दुसऱ्या दिवसापासनं तिचा कॉम्प्युटर बंद. चौकशी होईपर्यंत काम नाही. सकाळी दहा वाजता ती बैठकीत बसून मटार सोलायची, आणि नात विचारायची, "मम्मा की छुट्टी है?" सुनेचं माझ्याशी वागणं बदललं नव्हतं. चहा वेळेवर, गोळी वेळेवर, "मामा, पाणी घ्या". ती ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, तेवढं मला जमतं.

शनिवारी मुलगा आला. मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही कशाला बसला होता तिथं?"

"पाहुण्यानं हट्ट केला."

"आणि हिनं सांगितलं होतं बसायला?"

सून तिथंच उभी होती, नातीला जेवण भरवत. मी चष्मा पुसत बसलो. तीच म्हणाली, "जाऊ दे ना. झालं ते झालं."

मी जाऊ दिलं. दुसऱ्यांदा.

रविवारी सकाळी मी गच्चीवरून खाली येत होतो आणि त्यांच्या खोलीतनं तिचा आवाज ऐकू आला. ती मुलाला सांगत होती, "माझं दोन वर्षांचं सगळं काम परत चेक कर रहे हैं. ऑफिसात म्हणतात, ही फोटो लावून झोपते. ज्या मुलींना मी काम शिकवलं, त्या म्हणतात." मुलगा म्हणत होता, रडू नको.

मी जिन्यातच बसून राहिलो. कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं असतं, की हा मुशीतलं सोनं काढतो, तर मी त्याचा गळा धरला असता.

सोमवारी कुणाला न सांगता निघालो. ई-रिक्शा केली, गोमतीनगरला उतरलो, तिचं ऑफिस विचारत विचारत गाठलं. दारावरच्या गार्डनं अडवलं.

"बाबा, कैमरे में देखिए। चेहरा आएगा तभी अंदर जाएँगे।"

मी उभा राहिलो. टोपी काढा म्हणाला, काढली. चाळीस वर्षांत सराफ्यातल्या कुठल्या शेठनं मला टोपी काढायला सांगितली नव्हती.

तो साहेब खाली आला. खुर्ची दिली, पाणी दिलं. लखनौचा मुलगा, अदब होती. मी त्याला सगळं सांगितलं. पाहुणा, भजी, फ्रेम, पाय. बहूनं काही सांगितलं नव्हतं, आत जाऊ नका एवढंच सांगितलं होतं.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "अंकल जी, बुरा मत मानिएगा। उस दिन आपने कहा कि बहू ने बोला। आज कह रहे हैं, नहीं बोला। उस दिन की बात रिकॉर्ड में है। मैं कौन-सी मानूँ?"

आयुष्यभर माझा शब्द बाजारात चालत होता, आणि इथं एक पोरगा मला नम्रपणे विचारत होता की तुमच्या दोन शब्दांतला खोटा कुठला.

"लिख के देता हूँ," मी म्हणालो.

हिंदी बोलता येतं, लिहिता येत नाही. मराठीत लिहिलं. पेन दाबून, एक एक अक्षर. त्या दिवशी मी खोटं बोललो. सुनेनं सांगितलं नव्हतं. पाहुण्यासमोर माझा मान जाईल म्हणून बोललो. खाली सही केली. लिपी एकच, म्हणून त्यानं माझ्या पुढ्यात तो कागद मोठ्यानं वाचला, अडखळत, आणि त्यातला अर्थ त्याला कळला. तेव्हाच त्यानं मला तो फोटोही दाखवला.

दोन दिवसांनी सुनेला कळवलं. नोकरी राहिली. कामचोरीचा डाग पुसला. पण घरून काम करायची परवानगी गेली. घरात परकं माणूस पडद्यापर्यंत पोचलं, हे काही खोटं नव्हतं. आता रोज ऑफिसात जायचं, नऊ ते सहा. कंपनीचा माणूस येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. नात माझ्याजवळ.

मला वाटलं, फिटलं. संध्याकाळी सुनेनं चहा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"मामा, सर म्हणाले तुम्ही माफी मागितलीत."

"हो. लिहून दिलं."

"त्यांची मागितलीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी नाही मागितली." आणि आत गेली.

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. या वयात गोमतीनगरपर्यंत गेलो, टोपी काढली, अजून काय पाहिजे हिला? सुनेची माफी मागितलेला सासरा मी आमच्या भावकीत बघितलेला नाही. पण मग सुनेवर खोटं ढकलणारा तरी कुठं बघितला होता?

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा नात दाराला धरून रडत होती. सुनेनं तिला सोडवलं, जिना उतरली, स्कूटी काढली. नातीला कडेवर घेऊन मी मागोमाग उतरलो. गल्लीत भाजीवाल्याचा ठेला उभा होता. समोरच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिच्या डोक्यावर हेल्मेट. "काय, मामा?"

तिला ऐकू आलं नव्हतं, की ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही. मी परत म्हणालो, मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी खोटं बोललो. तू सांगितलं नव्हतंस. चुकलं माझं, पोरी."

बाल्कनीतल्या बाईचे हात थांबले. भाजीवाला तराजू धरून बघत राहिला. सुनेनं हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडं बघितलं, मग नातीचं नाक आपल्या ओढणीनं पुसलं.

"साडेबाराला वरणभात द्या तिला," ती म्हणाली. "तूप घालून. नाही खाल्लं तर मारून मुटकून भरवू नका."

स्कूटी कोपऱ्यावरून वळली.

भाजीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ, बाबा जी?"

मी नातीला खाली ठेवलं, आणि त्याला पण हिंदीत सगळं सांगितलं.