ब्रेकवरचा पाय

चौऱ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मिरजेहून कोयनानगरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी खाकी शर्टातला एक माणूस बसला होता. पाटण सोडलं आणि प्रत्येक वळणाआधी त्याचा उजवा पाय खालची फळी करकचून दाबू लागला. मी बघतोय हे कळल्यावर तो हसला.

"डायवर हाय मी. ह्याच रस्त्याला बारा वर्सं." मग खिशातली चिठ्ठी चाचपत म्हणाला, "मिरजेच्या डाक्टरनं फिटचा आजार सांगितलाय. जन्मभर गोळ्या. डेपोत सायबाला सांगाय चाललोय."

"घरी काय म्हणाले?"

"घरची म्हणती, गप बसा, कुणाला कळतंय! पर माझ्या पाठीमागं पन्नास माणसं निवांत झोपत्यात."

"साहेबांनी काढून टाकलं तर?"

"स्टेरिंग मी आपणहून सोडतोय. नोकरी न्हाई सोडत. आवाजावरनं इंजनाचं दुखणं वळखतो मी. वर्कशॉपात घ्या म्हणणार, आन् व्हय म्हनल्याबिगर तितनं हलणार न्हाई."

स्टँडवर आम्ही दोघंही उतरलो. तो तडक साहेबांच्या खोलीकडे निघाला. दाराशी पोचताना मी सवयीनं त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो पाय जराही न अडखळता आत गेला.