आत्याच्या तोंडावरचा कन्हानचा गाळ

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होते. नदीच्या तळच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही, तिथे काही जीवाणू राहतात. पारा हाती लागला की ते त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं जहर करतात. ते माशांत जातं, माशांतून माणसांत. मला असे जीवाणू हवे होते. म्हणून खाप्याला जाऊन कन्हान नदीच्या काठचा काळाकुट्ट गाळ आणला. बाटल्या पाण्याखालीच काठोकाठ भरल्या, झाकणं घट्ट लावली. हवा लागली की हे जीव मरतात.

प्रयोगशाळेला दोन दिवस सुट्टी होती, म्हणून बाटल्या हुडकेश्वरच्या आमच्या घरी फ्रीजमध्ये दह्यामागे ठेवल्या. आईला बजावलं, "हात लावू नको." आईने नाही लावला. पण नंदनवनहून आत्या आली होती, आणि तिला सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

संध्याकाळी घरी आले तर सडक्या अंड्यांचा वास. गच्चीवर आत्या डोक्याला टॉवेल बांधून बसलेली, तोंड डांबरी रस्त्यासारखं.

"आत्या! हे काय लावलं?"

"हसवू नको वं, वाळून राहिलं," ती ओठ न हलवता म्हणाली. "पार्लरवाली असाच काळा लेप लावते."

"नदीचा गाळ आहे तो! पाऱ्याचं जहर करणारे जंतू आहेत त्यात! माशांत जातं ते जहर!"

खुर्ची उलटली. आत्या नळाखाली वाकून साबण चोळत ओरडत होती, "माह्या तोंडाचा मासा होते का वं आता?"

मी समजावलं, की मी पारा अजून घातलाच नव्हता, आणि तिनं सगळ्या बाटल्या उघडल्यामुळे जंतू तर हवेनंच मेले.

"मेले ना? मंग तू काहून रडून राहिली?"

"मले ते जिवंत पाहिजे होते!"

आत्याला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती हट्टानं माझ्याबरोबर खाप्याला आली, साडी खोचून गुडघाभर गाळात उतरली आणि एक चप्पल तिथेच गमावून बसली. कपडे धुणाऱ्या दोघी बघत होत्या.

"काय शोधून राहिल्या, बाई?"

"जंतू," आत्या गंभीरपणे म्हणाली. "हवा लागली तं मरतात बिचारे. तुम्ही जरा दम रोखून उभ्या राहा."

आणि त्या खरोखरच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी नव्यानं भरलेल्या बाटल्यांनी काम केलं. प्रयोगशाळेत पारा घातल्यावर काही आठवड्यांनी यंत्रानं जहर दाखवलं. मी आत्याला फोन केला.

"जहर झालं? शाब्बास!" मग ती थबकली. "तुह्यं कौतुक करू का रडू, समजूनच नाही राहिलं मले."

मी म्हटलं, गाळात दुसरे जीवाणूही असतात. ते जहर मोडतात आणि पाऱ्याची वाफ करून सोडून देतात.

"ते माह्या बाजूचे असतील," आत्या म्हणाली.