मोर्च्यानंतर उरलेली माणसं

सुदानमधल्या खार्टूमच्या उत्तरेला, बहरी शहरात, सित्तना शिवणकाम करायची. क्रांतीच्या दिवसांत तिनं एकही मोर्चा चुकवला नाही. अश्रुधुरानं डोळे सुजवून घरी आली की शेजारचा वायरमन अब्देलबागी भिंतीवरून हसायचा.

"काय मग, पडलं का सरकार?"

"पडेल. तू बस घरात अंडी उबवत."

सरकार पडलंही. गल्लीभर लोक नाचले. सित्तनाला वाटलं, एवढी माणसं जोडली गेली, आता मोहल्ल्याचं कुठलंच काम अडायचं नाही. तिनं गटार उपसायला हाक दिली, तर चार टाळकी आली. घोषणा देऊन घसा फोडणाऱ्यांना फावडं धरायला वेळ नव्हता. तरी मोर्च्यांच्या दिवसांत बनलेल्या मोहल्ला समितीची बैठक तिनं बंद पडू दिली नाही. कधीकधी रिकाम्या खुर्च्यांशीच बोलावं लागायचं.

मग दोन फौजा एकमेकींवर उठल्या आणि लढाई दारात आली. नळ आटले, बाजार लुटला गेला. ज्यांना जमलं ते पळाले. मागं राहिलेल्यांच्या जेवणासाठी सित्तनानं अंगणात मोठं पातेलं चढवलं आणि मदत मागत मोर्च्यातल्या ओळखीची दारं ठोठावत हिंडली. बहुतेक दारांना कुलपं. एका दारामागून आवाज आला, "खाला, जा इथून. तुझ्यापायी आम्हाला गोळ्या घालतील."

शेवटी गटार उपसणाऱ्यांतल्या दोघी आल्या. मोर्च्यात तिचे डोळे धुणारी नर्स रिहाब आली. आणि जळणाचा भारा घेऊन अब्देलबागी.

"तू?"

"मोर्च्याला आलो नाही म्हणून काय झालं? भूक मलाही लागते."

वर्षभर पातेलं चाललं. मग एक दिवस मसुराचं पोतं आणताना नाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी अब्देलबागीला "शत्रूला पोसतोस" म्हणून उचललं. सित्तना जाऊन पाया पडली. त्यांनी तिला बंदुकीच्या दस्त्यानं ढकलून दिलं.

सकाळी माणसं डबे घेऊन दारात उभी.

"आज काही नाही."

कुणी हललं नाही.

"ऐकू येत नाही का? काही नाही माझ्याकडं! दुसरीकडं बघा!" तिचा आवाज फाटला. दुसरीकडं काही नव्हतंच. रिहाबनं तिला धरून खाली बसवलं. जरा वेळानं एका म्हातारीनं पदराच्या गाठीतली मूठभर ज्वारी पातेल्यात सोडली. मग आणखी कुणी थोडी. पेज इतकी पातळ, की तळ दिसत होता. ती पोरांपुरतीच पुरली; मोठी माणसं रिकामे डबे घेऊन गेली.

दुपारी सित्तना पुन्हा नाक्यावर गेली.

"कोण अब्देलबागी?" ते म्हणाले.